बसती हजेरी

डिगंबरनाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मुलीचा पाय बर्फाच्या बादलीत होता. सकाळची घाईची वेळ, धुळ्याच्या आमच्या घरी नळाला नुकतंच पाणी आलेलं, आणि मयूरी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून, दात आवळून, घोट्याची सूज उतरायची वाट बघत होती. पुढच्या आठवड्यात पुण्याला मुलींच्या कबड्डी लीगची निवड चाचणी होती. त्या एका दिवसासाठी तिनं दोन वर्षं घाम गाळला होता... आणि सरावात चढाई करून परतताना मॅटच्या कडेवर तिचा पाय मुडपला. प्रशिक्षकांना तिनं हे सांगितलंच नव्हतं. मलाही सांगितलं नसतं. न्हाणीघरातून लंगडत येताना मी पकडलं म्हणून कळलं. तिला खेळू द्यावं की थांबवावं हे मला ठरवता येत नव्हतं. सावद्याला नानांना फोन करून विचारायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि सावद्याहून फोन आला तो त्यांच्या मुलाचा. "सुनंदाताई, नाना गेले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले आणि नळ बंद केला. असल्या वेळी माणूस काय बोलेल याचा काही नेम नसतो.

नाना माझे नात्यानं कुणी लागत नव्हते. मी असोद्याची, ते सावद्याचे. केळीची आडत होती त्यांची. बागेतला माल बघायचा, भाव ठरवायचा, घड उतरवून ट्रक भरायचा आणि उत्तरेकडे रवाना करायचा, हा पिढीजात धंदा. अंगानं आडवे, उंची बेताची, पांढरा सदरा आणि खिशात कायम सुपारीची डबी. कबड्डी ते आयुष्यात एकदाही खेळले नव्हते, पण मुलींचा संघ मात्र हौसेनं बाळगला होता. चढाईला गेलेल्या मुलीचा दम सुटत आला की हे बाहेर खुर्चीवर बसून स्वतःचाच श्वास धरायचे आणि मग लाल होऊन खोकत बसायचे. आम्ही मुली त्यावरून त्यांची फार टिंगल करायचो. तेही हसायचे. त्यांच्या आडतीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मैदान करून घेतलं होतं, माती चाळून, खडा न् खडा वेचून, आणि सायंकाळी स्वतः नळी धरून ते पाणी मारायचे.

त्या काळी खानदेशात गावोगाव खुल्या स्पर्धा व्हायच्या, आजही होतात. बक्षिसाची रोख रक्कम असायची, आणि चांगल्या संघाला नुसतं येण्याचं मानधन मिळायचं. नाना त्यातून दर मुलीला दर सामन्याची हजेरी द्यायचे. हमालाला, मजुराला दिवसाची हजेरी मिळते तसाच तो शब्द. माझे वडील जळगावला जिनिंगमध्ये मुकादम होते, घरी खाण्यापिण्याचे हाल नव्हते, पण मुलगी खेळून पैसे आणते याचं अप्रूप आमच्या गल्लीत मोठं होतं. बाकीच्या मुलींच्या घरी तर त्या पैशांवर किराणा भरला जायचा. त्यामुळे व्हायचं काय, की कुणाला काही लागलं तरी ती बोलायची नाही. बसली तर हजेरी बुडायची. बोट मोडलेलं असायचं, ते पट्टीनं शेजारच्या बोटाला बांधायचं आणि खेळायचं. खांदा निखळायला आलेला असायचा, तो ओढणीखाली झाकायचा. आम्हाला वाटायचं, हीच जिद्द. गावातली माणसंही तसंच म्हणायची.

नानांना हे कळलं ते मैदानावर नाही, ट्रकवर कळलं. त्यांच्याकडचा एक हमाल कंबरेत उसण भरलेली लपवून घड वाहत होता. फळीवर पाय टाकताना कळ आली आणि तो मालासकट खाली आला. माल तर गेलाच, तो माणूसही पुढं आयुष्यभर उभा राहिला तो काठी धरून. नाना त्याच्या घरी जाऊन बसले होते. परत आले आणि मैदानावर आम्हा सगळ्यांना गोल बसवून म्हणाले, "त्यानं मले सकाळी सांगतलं असतं त मी त्याले घरी धाडलं असतं. पन सांगून त्याची हजेरी बुडत होती. म्हनजे न सांगायची सवय त्याले मीच लावली ना?" आणि मग त्यांनी जाहीर केलं, की ज्या मुलीला लागलंय तिनं सांगायचं आणि बसायचं. बसलेल्या मुलीला खेळणाऱ्या मुलीइतकीच हजेरी. आम्ही तिला बसती हजेरी म्हणायला लागलो. आज मोठमोठे संघ खेळाडूंच्या मागे फिजिओ ठेवतात, विमा उतरवतात, कुणाला किती सामने विश्रांती द्यायची याचे हिशेब करतात, आणि ते सगळं नव्यानं सापडल्यासारखं वर्तमानपत्रात येतं. ते वाचताना मला आडतीमागचं ते मैदान आठवतं. नाना काही द्रष्टे वगैरे नव्हते. धंदा करणारे माणूस होते, नुकसान कुठून सुरू होतं ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं, इतकंच.

पण पहिल्याच मोसमात ते चांगलेच तोंडावर पडले. झालं असं, की बसती हजेरी घ्यायला कुणी तयारच होईना. मुलींची ना नव्हती, घरच्यांची होती. माझं मनगट दुखावलं होतं तेव्हा मी एक सामना बसले, पैसे घरी नेले, आणि वडील ते पाकीट तसंच घेऊन सायकलवरून स्टँडवर, तिथून एसटीनं सावद्याला. मी सोबत होते, लाजेनं मान खाली घालून. वडिलांनी पाकीट नानांच्या गादीवर ठेवलं. "नाना, आमच्या घरात बसून खायचे पैसे येत नाहीत," म्हणाले. नाना गोंधळले. "अहो मी काय धर्म करून राहिलो का? धंदा हाये हा." पण वडील ऐकेनात, आणि त्यांच्यासारखे आणखी दोघंतिघं येऊन गेले. घाम न गाळता मिळालेला पैसा म्हणजे भीक, हे आमच्याकडे इतकं मुरलेलं आहे की नानांसारख्या हुशार व्यापाऱ्यालाही ते आधी सुचलं नाही. आठवडाभर ते घुश्श्यात होते. मग त्यांनी युक्ती काढली. जी मुलगी बसेल तिनं रेषेच्या बाहेर बसून समोरच्या संघाची प्रत्येक चढाई बघायची, कोण कुठल्या पायावर वळते, कोण दम लपवते, आणि मध्यंतरात येऊन सांगायचं. म्हणजे ते कामच झालं. त्यानंतर वडिलांनी पाकीट मुकाट्यानं घेतलं. आणि गंमत अशी, की त्या बसलेल्या मुलींच्या डोळ्यांवर आम्ही कितीतरी सामने जिंकले.

केळीच्या खोक्यांत घालायच्या फोमचे तुकडे कापून नानांनी आमच्या गुडघ्यांना पट्ट्या करायला लावल्या होत्या. त्या माझी आई शिवायची, तिच्या हाताखाली मी शिकले. गावोगाव आम्हाला केळीवाल्या म्हणून चिडवायचे. एकदा एका स्पर्धेत कुणीतरी त्यांना म्हणालं, नाना, पोरींना इतकं काय जपता, एक गेली तर दुसरी येईल. नानांना राग सहसा यायचा नाही, तो त्या दिवशी आला. म्हणाले, "केळीचं झाड एक घड देतं अन् आपन त्याले कापतो. खेळनाऱ्या पोरीचंबी लोकं तसंच करतात. मले नाही करायचं तसं." मी शेजारीच उभी होते. मला त्या वयात ते वाक्य फार आवडलं होतं. ते मलाच लागू होईल हे ध्यानीमनी नव्हतं.

धुळ्यात झालेल्या एका स्पर्धेची गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. मी वीस वर्षांची होते. डावा कोपरा सांभाळायचे, घोट्याची पकड ही माझी खासियत. मुंबईच्या एका सरकारी खात्याला महिला संघासाठी मुली हव्या होत्या, निवड झाली की थेट नोकरी. त्यांची दोन माणसं अंतिम सामना बघायला येणार होती, आणि आमच्या संघातून माझं नाव आधीच त्यांच्या कानावर गेलं होतं. ती नोकरी मला इतकी हवी होती की झोपेत मी मुंबईच्या फलाटावर उतरायचे. घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं, नोकरी लागली असती तर ते थांबलं असतं. स्वतःचा पगार, स्वतःची खोली, खेळणं हेच काम... माझ्या वयाच्या असोद्याच्या मुलीला यापेक्षा मोठं काही मागता येत नव्हतं. आणि उपांत्य सामन्यात एका चढाईपटूला ओढताना माझा उजवा गुडघा आत वळला. आवाज आला नाही, सूजही फारशी नव्हती. फक्त आत कुठेतरी काहीतरी जागेवर नसल्यासारखं वाटत होतं. मी कुणाला बोलले नाही. बसती हजेरी होती, नाना होते, सगळं होतं, तरी मी बोलले नाही. हजेरी मिळत होती हो, पण नोकरी कोण देणार होतं?

अंतिम सामन्याच्या आधी नाना सगळ्यांना मैदानाभोवती लंगडी घालायला लावायचे, एकदा या पायावर, एकदा त्या. हा त्यांचा नेहमीचा शिरस्ता. मी हसत हसत लंगडी घातली, शेजारच्या मुलीशी बोलत घातली. फेरी संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सुनी, तू आज बसशीन."

"मले काही झालं नाही नाना."

"चेहरा चांगला ठेवला तू. पन मुठी कशा आवळल्या होत्या ते पाह्यलं मी."

मी हातापाया पडले. खरंच पाया पडले, मैदानात, सगळ्यांसमोर. ते माझ्याकडे बघेनात. आमच्या संघातल्या राखीव वंदनाला त्यांनी माझ्या कोपऱ्यात उभं केलं आणि मला रेषेबाहेर. चढाया बघायचं काम मला दिलं होतं, पण मी एकही चढाई बघितली नाही. वंदना त्या दिवशी जन्मात खेळली नसेल अशी खेळली. चार महिन्यांनी ती मुंबईला रुजू झाली. माझा गुडघा जळगावच्या डॉक्टरांनी बघितला, पाणी धरलंय म्हणाले, विश्रांती घ्या म्हणाले. मी घेतली. तो बरा झाला, पूर्ण बरा झाला. नंतर दोन मोसम मी गावोगाव खेळले, दुसऱ्या संघाकडून, पण तशी माणसं पुन्हा खानदेशात आली नाहीत. मग लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. आज माझं शिलाईचं दुकान आहे, शाळांच्या गणवेशांवर चालतं. गुडघ्याच्या पट्ट्या अजूनही करते, पण त्या कुणी फारशा मागत नाही.

त्या सामन्यानंतर मी नानांशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांकडे माझी हजेरी पाठवली, ती मी तशीच परत केली. माझ्या लग्नाची पत्रिका वडिलांनी दिली, नाना आले, जेवले, लांबून अक्षता टाकून गेले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढं मयूरी झाली तेव्हा बाळंतपणाला असोद्याला होते, आणि काय झालं कोण जाणे, एका दुपारी मीच त्यांना फोन लावला. मुलगी झाली, असं मी म्हणाले. पलीकडून नाना म्हणाले, "गुडघे कसे हायेत?" बाळाचे विचारताहेत की माझे, मला कळलं नाही. मी दोघींचे चांगले आहेत म्हणून सांगितलं. तिथून आमचं पुन्हा जुळलं. पण लोक म्हणतात तसं, की सगळं विसरून वगैरे, तसं काही झालेलं नाही. मी त्यांना जीव लावला आणि माझा रागही राहिला. मला तो राग आजही चुकीचा वाटत नाही. पुढं वंदनाचा गुडघा निकामी झाला, दोनदा शस्त्रक्रिया झाली, आता ती जिना आडव्या पावलांनी उतरते. पण तिला पगार मिळाला, मुंबई मिळाली, ती देशभर खेळली. ती नेहमी म्हणते, तुझे गुडघे मला दे, माझं पेन्शन तू घे. मी म्हणते, आण, आत्ता कागद करू. आम्ही दोघी हसतो. यातलं मनापासून कोण म्हणतंय ते आम्ही कधी तपासलं नाही.

गेल्या थंडीत नाना धुळ्याला आले होते, मयूरीचा सामना बघायला. पार थकले होते, मुलाचा हात धरून चालत होते. सामना संपल्यावर घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवून एकदम म्हणाले, "सुनी, त्या दिवशी तू खेळली असती त काय झालं असतं व?"

इतक्या वर्षांत हा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला होता. मी म्हणाले, "काय माहीत नाना."

"मलेबी माहीत नाही. कधीच कळनार नाही ते." सुपारीची डबी शोधली, सुपारी डॉक्टरांनी बंद केली होती हे आठवलं, हात तसाच परत घेतला. "पन तो दिवस परत आला त परत बसवीन तुले."

मला भांडायचंही होतं आणि त्यांच्या पायाजवळ बसायचंही होतं. दोन्ही राहून गेलं. त्यांना गाडीत बसवताना मी त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली, ते म्हणाले, "माझे गेले आता, तुह्या पोरीचे सांभाळ." तीच शेवटची भेट.

सावद्याला मी एकटीच गेले. मयूरी घरी थांबली, पाय बादलीत घालून. निघताना सासूबाई दारात आल्या, धुळ्याच्या जुन्या बाई, बोलतात ते थेट आणि अहिराणीत. "पाय सुजेल शे तिना. कसाले धाडस तिले पुन्याले?" मी म्हणाले, पाठवायचं की नाही ते अजून ठरवलं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "बठ्ठा पैसा तिना पायम्हाच शे ना?" आणि आत गेल्या. सगळा पैसा तिच्या पायातच आहे, हे त्यांनी पाठवू नको म्हणून सांगितलं की पाठव म्हणून, याचा मी जळगाव येईपर्यंत विचार करत होते. कारण दोन्ही बाजूंनी ते खरं होतं. निवड झाली असती तर मयूरीला एका मोसमाचे जे पैसे मिळाले असते ते माझ्या दुकानातून मिळवायला मला कितीतरी वर्षं लागतील. आणि त्या चाचणीत घोट्याचा बंध तुटला असता तर मग कुठलाच मोसम नाही. ओळखीच्या एका फिजिओला मी विचारलं होतं. तो म्हणाला, पट्टी आवळून खेळली तर निभावेलही, तुटेलही, मी काय सांगणार. सूज उतरेल अशी सुई मिळते, ती घेऊन मुली खेळतात, हेही मयूरीनं शोधून ठेवलं होतं. "पाय माझा आहे आई," ती म्हणाली होती. पाय तिचाच आहे, यात वादच नाही.

सावद्यात त्या दिवशी आडत बंद होती. ट्रक रस्त्याच्या कडेला रिकामे उभे होते, आणि नानांना हमालांनीच खांदा दिला. मी बायकांत उभी होते. रडू आलं, पण मनात दुसरंच चालू होतं आणि त्याचीच मला लाज वाटत होती. मला कळून चुकलं होतं, की मी नानांना फोन करणार होते तो उत्तरासाठी नव्हे. उत्तर मला माहीत होतं, त्यांचं उत्तर एकच असायचं. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं, म्हणजे मयूरी त्यांच्यावर चिडली असती आणि मी तिला जवळ घेऊन समजूत काढत बसले असते. दोष घेणारं माणूस हवं होतं मला. ते तर समोर तिरडीवर होतं.

परतताना जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. मी एका खांबाशी उभी राहिले आणि मयूरीच्या प्रशिक्षकांना फोन लावला. घरी पोचले असते तर माझ्यानं झालं नसतं. त्यांना सांगितलं, तिचा घोटा सुजलाय, ती तुमच्यापासून लपवतेय. ते म्हणाले, "ताई, हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मला यादीत तिचं नाव ठेवता येणार नाही." मी म्हणाले, म्हणूनच सांगितलं. फोन ठेवला आणि तिथल्याच बाकावर बसून राहिले. धुळ्याची एक गाडी समोरून गेली, ती मला दिसलीच नाही.

मयूरीला प्रशिक्षकांकडून कळलं तेव्हा तिनं आदळआपट केली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी नोकरी नानांनी घालवली. माझी लीग तू घालवलीस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चाचणी झाली, तिच्याबरोबरच्या दोघी निवडल्या गेल्या. तिच्या पायाची सूज केव्हाच उतरली, आता ती रोज पहाटे पळायला जाते आणि मस्त पळते. तिला पळताना बघितलं की वाटतं, निभावलं असतं. कदाचित निभावलं असतं... जे मोडलं नाही ते मोडणार होतं, हे कुणाला कसं दाखवायचं? मोडलेला पाय सगळ्यांना दिसतो, त्याचा खर्च सांगता येतो, त्यावर लोक हळहळतात. न मोडलेल्या पायाचं कुणी काही विचारत नाही. तो नुसता चालत असतो. नानांनी हे इतकी वर्षं एकट्यानं सोसलं, आणि मी समोर असताना मला ते कधी दिसलं नाही, कारण मी बसवलेल्या मुलीच्या बाजूला होते.

परवा इंदूअक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा निरोप आला, एकदा येऊन जा, पोरीलाही आण. मयूरी आली. का आली माहीत नाही, नानांवर तिचा जीव होता. एसटीत ती पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या. अक्कांनी आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. खोली तशीच आहे. कोपऱ्यात उंच तिवईवर जुना लँडलाइन फोन, बंद पडून किती वर्षं झाली असतील, आणि त्याला लागून लाकडी खुर्ची, तिच्यावर विरलेली उशी. मयूरीनं खुर्चीकडं बघितलं तशा अक्का म्हणाल्या, "तुही आई रुसली होती ना, तवाची जागा हाये ती. दुपारची लोडिंग झाली का येऊन बसायचे तिथं. मी म्हनायची, कराना तुम्हीच फोन. त म्हनायचे, बोलायचं का नाही ते तिनं ठरवायचं. मी फक्त हाताशी पाहिजे."

मी इतकी वर्षं त्या घरी जातेयेते. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मयूरी खाली बघून ओढणीची कड मुडपत होती. अक्का चहा करायला आत गेल्या आणि आम्ही दोघीच त्या खोलीत राहिलो. त्या खुर्चीवर दोघींपैकी कुणीच बसलं नाही.

नाना असते तर मी त्यांना आता गुडघ्याचं विचारलं नसतं, घोट्याचंही नाही. त्या खुर्चीवर बसून दुपार कशी काढायची, एवढंच विचारलं असतं. मला त्यांची फार आठवण येते. आठवणीपेक्षा गरज म्हणावं असं काहीतरी येतं, आणि त्यावर काही उपाय नाही. दुकानातलं एक शिलाई मशीन मी गेल्या आठवड्यात घरी आणलं. मधल्या बोळात ठेवलंय, मयूरीच्या खोलीच्या दाराबाहेर. दुपारचे गणवेश तिथंच शिवते. दार बंद असतं. मशीनचा आवाज आत जातो, म्हणजे मी आहे हे तिला कळत असणार.